रत्नागिरी रोड

जुना बुधवार पेठ, कोल्हापूर
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू म्हणालास, "आता काय गड्या, तुझ्या दारातनं निघालेला रस्ता थेट माझ्या दारात येतोय. रत्नागिरी-नागपूर महामार्ग!" तेव्हा मी नुसता हसलो. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला शाळेपासनं माहीत आहे. काल रात्री दूध पिऊन गच्चीवर बसलो होतो, तेव्हा ठरवलं की तुला सविस्तर लिहायचं. एक तर तुझी चूक दुरुस्त करायची आहे. दुसरं म्हणजे मागच्या आठवड्यात आबांना घेऊन रत्नागिरीला जाऊन आलो, ते सांगायचं आहे.

आधी चूक. तुझा तो महामार्ग माझ्या दारातनं जातच नाही. रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरापासनं निघतो, हातखंब्याला मुंबई-गोवा रोड ओलांडतो, आंबा घाट चढतो, मलकापूर, बांबवडे, पैजारवाडी करत येतो आणि केर्लीच्या आसपास आला की आपल्या गावाकडं पाठ करतो. भुये, शियेच्या अंगानं पुणे-बेंगलोर रोड ओलांडून चोकाकला निघतो आणि तिथनं अंकलीकडं, सांगली-मिरजेकडं. म्हणजे तोरस्कर चौक नाही, गंगावेश नाही, शिवाजी पूलसुद्धा नाही. पैजारवाडी ते चोकाक या टप्प्यात कोल्हापूर शहर येतच नाही. आणि हो, तू त्याला शक्तिपीठ म्हणालास. ते वेगळं. ते नागपूर-गोवा, आणि त्याचं नाव आमच्याकडं मोठ्यानं काढू नकोस, शेतकरी पेटलेत. या रस्त्यावरही चोकाक ते अंकली पट्ट्यात चौपट मोबदल्यासाठी आंदोलनं झालीच.

आम्ही मात्र आमच्या रस्त्याला रत्नागिरी रोडच म्हणतो. तो आधी २०४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, मग १६६ झाला. तो नंबर कुणाच्या तोंडात बसला नाही. गंमत म्हणजे हाच रस्ता रत्नागिरीत गेलास तर कोल्हापूर रोड होतो. जिकडं जायचं, तिकडचं नाव. मला हे फार आवडतं.

आता आबांचं. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. कानानं कमी, गुडघे गेलेत, पण डोळे शाबूत. रत्नागिरीला मावशीच्या नातवाचं लग्न होतं. आबा म्हणाले, मी येणार. आई म्हणाली, एवढ्या लांब कशाला. तर म्हणाले, "लांब? तीस वर्षं आठवड्यातनं दोनदा जात हुतो, तवा न्हाई लांब म्हणालीस." तिच्याकडं उत्तर नव्हतं. गाडी मनू चालवणार होती. तुला आठवतंय ना, आबांनी मला उभ्या जन्मात स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. ट्रक म्हणजे पोटाची गाडी, शिकायला दुसरी बघ म्हणायचे. आता नात चालवणार आणि हे शेजारी बसणार. मी मागं, आई आणि आहेराच्या पिशव्यांबरोबर.

पहाटे पाचला निघालो. पुलावर अंधारच होता. दत्ता, तू गेलास तेव्हा एकच पूल होता, तो १८७०च्या दशकातला दगडी. शेजारचा नवा पूल तू बघितलास, पण त्याची कथा तुला नीट माहीत नसेल. काम बरंच झालं होतं आणि अडलं. कारण काय, तर ब्रह्मपुरी. आपण जिथं पतंग उडवायचो तो उंचवटा संरक्षित स्मारक, आणि २०१०च्या कायद्यानं शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरानं आजच्या कोल्हापूरचा पूल अडवला. वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, निवेदनं गेली, दिल्लीच्या वाऱ्या झाल्या. अशातच २६ जानेवारी २०१८ची रात्र आली. गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली. १३ माणसं गेली. आमच्या गल्लीतली पोरं आवाज ऐकून धावली, अंधारात पाण्यात उतरली. मी काठावर टॉर्च धरून उभा होतो. त्याबद्दल आणखी लिहवत नाही. नवा पूल २०१९ला सुरू झाला.

ब्रह्मपुरीवर मात्र मी चिडत नाही. १९४५च्या सुमाराला तिथं उत्खनन झालं तेव्हा रोमन वस्तू निघाल्या. पोसायडनची ती काशाची मूर्ती आपण टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये बघितली होती. समुद्राचा देव, वीतभरसुद्धा नाही. तू म्हणाला होतास, "हा इथं कशाला आला? पोहायला?" आला असणार कुठल्या तरी बंदरावर उतरून, कुठला तरी घाट चढून, कुणाच्या तरी बैलाच्या पाठीवरनं. तो कुठला घाट ते मी छातीठोक सांगणार नाही. पण समुद्राचा माल वर येणं आणि घाटावरचा माल खाली जाणं, हा या गावाचा किती जुना धंदा आहे त्याची ती मूर्ती म्हणजे पावतीच. मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर. गूळ, मिरची, तंबाखू खाली. कोल्हापुरातनं खाली उतरायला आंबा, अणुस्कुरा, गगनबावड्याचे दोन, फोंडा, अशा वाटा. अणुस्कुऱ्याची फरसबंदी पायवाट राजापूर बंदराची. पण गाडीरस्ता झाल्यावर रत्नागिरीसाठी आंब्याचाच मान.

पूल ओलांडला की आंबेवाडी, चिखलीचा फाटा, आणि तो रेडेडोह. नागपूरकरांना रेडेडोह म्हणजे काय ते सांगून बघ, हसतील. पंचगंगा पात्र सोडून शेतातनं धावायला लागली की "रेडेडोह फुटला" अशी बातमी गावभर होते. फुटला की रत्नागिरी रोड बंद. ८९ला आपण दोघं बघायला गेलो होतो आणि तुझ्या बाबांनी पुलावरच दोघांना हाणलं होतं. २०१९ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३, एवढं सांगितलं की तुला कळेल. तेव्हा हा रोड बंद, शिरोलीला हायवे बंद, गाव अक्षरशः बेट झालं होतं. पेट्रोलला रांगा, दुधाला रांगा. २०२१ला परत तेच. म्हणून नवा रस्ता भराव टाकून उंच केला, तर वरच्या गावांना धडकी भरली की आमचं पाणी आता कुठं जाणार. त्यांची भीती खोटी नाही.

केर्लीपर्यंत आबा शांत होते. अजून गळीत सुरू व्हायचंय, त्यामुळं ऊसाच्या ट्रॉल्या नव्हत्या. जोतिबाचा फाटा ओळखला, हात जोडले, "चांगभलं" म्हणाले. वाघबिळाला धुकं होतं, पन्हाळा दिसला नाही. तिथनं पुढं मात्र त्यांचं बिनसलं. नव्या रुंद रस्त्यावर आम्ही आलो आणि ते सारखे काचेला नाक लावून बाहेर बघायला लागले.

"हे कुठलं गाव गेलं?"

मनूनं बोर्ड वाचून सांगितलं. पाच मिनिटांनी परत, "आन हे?"

मग मला म्हणाले, "आपण रत्नागिरीलाच चाललोय न्हवं?"

आधी मला वाटलं, वय झालं. मग लक्षात आलं की त्यांचा हिशोब गावांच्या नावावर नव्हताच. तो झाडांवर आणि वळणांवर होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वड आणि चिंचा होत्या बघ, पांढरे-तांबडे पट्टे मारलेल्या. दोन वड जवळजवळ आले की पुढं डावं वळण. चिंचेखाली विहीर असली की तिथं रेडिएटरला पाणी घालायचं. आडवी फांदी आली की गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ताडपत्रीच्या वर आलेले नाहीत ना ते बघायचं. ती झाडं रुंदीकरणात गेली आणि वळणंही सरळ झाली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या ड्रायव्हरला तुम्ही सपाट, सरळ, उत्तम रस्ता दिलात आणि तो हरवला.

मी झाडंवाला नाही, तुला माहीत आहे. पेशंटला घेऊन मलकापुरातनं कोल्हापूरला येणाऱ्या माणसाला विचारलं तर तो सांगेल, एवढा वेळ वाचला. पटतं. पण झाडं तोडताना जी लगबग दिसली, तिच्या निम्मी तरी लावताना दिसायला हवी होती. दुभाजकात कण्हेर लावलीय. कण्हेरीच्या सावलीत कोण बसणार?

मलकापूरच्या अलीकडं एका ठिकाणी काम चालू होतं. ठेकेदारानं रस्ता वळवला होता, पण फलक नाही, दिवा नाही, नुसती एक पांढरी गोणी उभी करून ठेवलेली. मनूनं वेळेवर ब्रेक मारला, तरी गाडी खाली उतरताना खालनं दगड घासला. ठण्ण. थोडं पुढं जाऊन थांबलो तर ऑईल ठिबकतंय. मी फोन काढला, रेंज येत-जात होती. आबा म्हणाले, "फोन कशाला? साबण आण." मी म्हटलं, कसला साबण? "धुण्याची वडी रे लेका. दुकानात मिळतीया." समोरच्या टपरीवजा दुकानात मिळाली. आबांनी मला गाडीखाली झोपवलं आणि वरनं सांगत राहिले. ओली करायची नाही, कोरडीच घासायची, चीर भरेपर्यंत, मग अंगठ्यानं दाबायची. लग्नाला जायचा सदरा होता माझा, दत्ता. पण ठिबकणं थांबलं. मलकापुरात आत जाऊन मेकॅनिककडं नेली. त्यानं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हे साबणाचं कुणी केलं? आता कुणाला येत न्हाई हे." मग त्यानं पुसून, घासून, एम-सील लावलं आणि ते वाळेपर्यंत आम्ही चहा-भजी खाल्ली. आबांनी दोनदा भजी मागवली. माझ्या सदऱ्याकडं बघून आई काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेवढ्या तासाभरात आबा बोलते झाले. पासष्ट-सहासष्टला ते क्लीनर म्हणून लागले, नाकावर तारा असलेल्या टाटा-मर्सिडीजवर. शाहूपुरीत गूळ भरायचा, माल पाठवणाऱ्या हुंडेकऱ्याकडनं कागद घ्यायचे, संध्याकाळी निघायचं. येताना नारळ नाहीतर सुकी मासळी. रिकामी गाडी आणली तर मालकाचं तोंड वाकडं. आमच्या घरात दर बुधवारी आणि शनिवारी बोंबलाचा वास यायचा तो त्यामुळं, आणि तू त्याच दिवशी बरोबर अभ्यासाला यायचास. आबांच्या वडिलांच्या वेळी, म्हणजे १९४९ला संस्थान विलीन व्हायच्या आधी, घाटाच्या वर छत्रपतींचं राज्य आणि घाटाखाली खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. घाट उतरणं म्हणजे नुसतं खाली जाणं नव्हे, दुसऱ्या राज्यात जाणं. मलकापूरला स्वतःचाच एक रुबाब होता, विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं. १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर गड मोडला आणि कारभार खाली मलकापुरात आला. तालुका शाहूवाडी, पण बाजार मलकापूरचा, हे कोडं तुला नेहमी पडायचं. त्याचं उत्तर बहुतेक तिथंच आहे.

मलकापूर सोडलं की हवा बदलते, तसं आबांचं झालं. आंब्याच्या आधी विशाळगडाचा फाटा येतो. आपण बी.एस्सी.ला असताना जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलो होतो. मसाई पठारावर तुझी चप्पल चिखलात गेली ती गेलीच. जळवा काढायला मीठ नेलं होतं ते पावसानं विरघळलं. तेव्हा तू रडकुंडीला येऊन म्हणाला होतास, महाराज १६६०ला रात्रीत गेले आणि आपल्याला दोन दिवस लागतायत. आता त्या वाटेवर दर पावसाळ्यात हजारो पोरं असतात. गाणी, झेंडे, टी-शर्ट. चांगलं आहे. मात्र खिंडीत पोचल्यावर थोडा वेळ गप्प बसावं असं मला वाटतं. आपण बसलो होतो, दमलो होतो म्हणून का होईना.

घाटमाथ्यावर आबांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले नाहीत. काच खाली करून नारळ माझ्या हातात दिला. कधी घेतला होता कुणास ठाऊक. मी फोडला, पाणी चाकांवर घातलं, अर्धी वाटी तिथं ठेवली. मग मनूकडं वळून म्हणाले, "ज्या गिअरला घाट चढतोस, त्याच गिअरला उतरायचा. ब्रेकवर न्हाई उतरायचा." ती म्हणाली, "माहितीय आबा." हे गप्प.

आंबा घाट अजून पुष्कळसा तसाच आहे. तेच कातळ, तीच झाडी, तेच अचानक येणारं वळण आणि समोर सगळं कोकण निळं-हिरवं पसरलेलं. २०२१च्या जुलैत दरडी आल्या, रस्ता खचला, कितीतरी महिने अवजड गाड्या बंद होत्या. सह्याद्रीला चौपदरी वगैरे भाषा पटत नसावी. आबा आता काचेला नाक लावत नव्हते. सीटवर मागं टेकून बसले होते आणि वळण यायच्या आधी उजवा पाय दाबत होते. पायाखाली काही नाही, पण पाय दाबत होते. एका आखूड वळणाच्या वर खालनं ट्रक येत होता, भरलेला, कण्हत. मनूनं तिसऱ्यातनं दुसऱ्यात टाकली, डाव्या कडेला घेतली आणि थांबली, चढणाऱ्याला वाट दिली. कुणी सांगितलं नव्हतं. ट्रकवाल्यानं जाताना बारीकसा हॉर्न दिला. आबांनी काचेतनं हात बाहेर काढून त्याला उत्तर दिलं, जणू तो त्यांनाच दिला होता. मग मागं वळून मला म्हणाले, "तुला पण शिकवाय पायजे हुती." दत्ता, सत्तावन्नाव्या वर्षी ऐकलं हे मी. काय बोलणार? "राहू द्या आता" म्हणालो.

खालचा रस्ता भराभर सरला. साखरपा, दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा. हातखंब्याला दोन महामार्गांची गाठ, तिथला गोंधळ म्हणजे वेगळंच पत्र होईल. लग्न वेळेत मिळालं. सदऱ्यावर ऑईलचा डाग बघून तिघांनी विचारलं, तिघांनाही आबांनी साबणाची गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी चीर थोडी मोठी झाली.

येताना रात्र झाली. आबा झोपले होते. वाघबीळ, केर्ली कधी गेली कळलं नाही. नव्या पुलावर गाडी चढली तसे जागे झाले. शेजारचा जुना पूल दिव्यांच्या उजेडात दिसत होता, कमानी पाण्यात अर्ध्या. खिशातनं रुपया काढून त्यांनी बाहेर टाकला. तो कठड्याला लागून रस्त्यावरच पडला असणार, आवाज तसाच आला. त्यांना ऐकू गेला नाही. मनूनं आरशातनं माझ्याकडं बघितलं, मी काही बोललो नाही.

तर तू दिवाळीला येतोयस ना, गाडी घेऊन? वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. एकच सांगतो, चोकाकला आलास की फोनमधली बाई काय सांगते ते ऐकू नकोस. ती नव्या रस्त्यानं सरळ जायला लावेल आणि गप्पांच्या नादात कळायच्या आत केर्लीला पोचशील, नाहीतर घाटात. जुन्या सांगली रोडनं शिरोलीकडं ये, तिथनं गावात शीर. पार्किंगची बोंब आहे, गाडी तालमीसमोर लावू, मी पोरांना सांगून ठेवतो.

आबांनी संत्री सांगितलीत. पोतं नको, पिशवी आण.

तुझाच,
सुऱ्या